मागच्या चाकावर तिसऱ्या उडीला पाय टेकतोच? तोलाला दोष देण्याआधी ब्रेक तपासा

जागच्या जागी अर्धा मिनिट तोल धरता येतो. दोन्ही ब्रेक दाबून दोन्ही चाकांवर वीस-पंचवीस उड्याही होतात. पण पुढचं चाक उचलून मागच्या एकट्या चाकावर उभं राहायला गेलं, की पहिली उडी बरी पडते, दुसरी वाकडी जाते आणि तिसरीला पाय जमिनीवर. रोज तासभर सराव चालू आहे, महिना उलटलाय, आणि आकडा दोनच्या पुढे सरकत नाही.

सायकल ट्रायल्स शिकू लागलेल्या ज्या मुलामुलींशी माझं बोलणं होतं, त्यांतल्या बहुतेकांचं घोडं इथेच अडलेलं असतं. माझंही अडलं होतं. ट्रायल्स म्हणजे पाय न टेकता सायकलवरून दगड, ओंडके, कठडे, पायऱ्या ओलांडत जाणं. इथे वेगाला काही किंमत नाही. स्पर्धेत पाय टेकला की त्याला ‘डॅब’ म्हणतात आणि तो तुमच्याविरुद्ध मोजला जातो. मागच्या चाकावर उड्या मारत उभं राहणं हा या खेळाचा कणा आहे, कारण पुढच्या अडथळ्याकडे तोंड फिरवणं, अंतर जोखणं, श्वास घेणं हे सगळं त्याच अवस्थेत करायचं असतं. ते जमलं नाही तर पुढचं काहीच शिकता येत नाही. म्हणून या एकाच अडचणीवर सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं थोडक्यात असं: तिसऱ्या उडीला पडणाऱ्या माणसाचा तोल कच्चा आहे असं सगळे गृहीत धरतात. तोल कच्चा असतोही. पण तो पक्का करण्याचा प्रयत्न घसरणाऱ्या ब्रेकवर चालू असेल, तर महिनाच काय, वर्ष गेलं तरी शरीराला खरा धडा मिळत नाही. सुरुवात ब्रेकपासून करायची, मग गिअर आणि चेन, आणि शेवटी शरीर.

हे मला कळलं ते भाच्यामुळे. आम्ही रत्नागिरीत राहतो. तो दहावीची परीक्षा संपल्यावर माझ्या जुन्या २६ इंची एमटीबीवर, म्हणजे माउंटन बाइकवर, शिकू लागला. दुसऱ्या उडीनंतर त्याचं पुढचं चाक खाली यायचं. मी सांगितलं, “अजून मागे रेल.” तो मागे रेलला, आणि आता पुढे पडायच्या ऐवजी मागे पडू लागला. एकदा माकडहाडावर आपटला, चार दिवस नीट बसता येईना. मी तरीही सांगतच राहिलो, हात सरळ ठेव, नजर पुढे ठेव. दोन आठवडे गेले. मग त्यानेच मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला आणि म्हणाला, “मामा, हे बघ, व्हॉल्व्ह खाली चाललाय.” खरंच, ब्रेक पूर्ण दाबलेला असूनही प्रत्येक उडी जमिनीवर आली की मागचं चाक जरासं फिरत होतं. तीन उड्यांत ट्यूबचा व्हॉल्व्ह ब्रेकच्या रबराजवळून चांगला वीतभर सरकला होता. त्याने सायकल आडवी टाकून चेनला शिलाई मशीनचं तेल घातलं होतं आणि ते ओघळून रिमवर आलं होतं. रिम स्पिरिटने पुसली, रबरांवर पॉलिश पेपर फिरवला. त्याच संध्याकाळी त्याच्या सात उड्या झाल्या. तोल तोच आणि मुलगाही तोच. त्याचे दोन आठवडे माझ्या सल्ल्यापायी गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

ब्रेक घसरल्याने नेमकं काय बिघडतं

तळहातावर काठी उभी करून तोलायचा खेळ लहानपणी आपण सगळ्यांनी खेळलेला असतो. काठी ज्या बाजूला कलते, त्या बाजूला हात न्यायचा. मागच्या चाकावरचा तोल अगदी तसाच आहे. काठी म्हणजे तुम्ही, आणि तळहात म्हणजे मागचा टायर जिथे जमिनीला टेकतो ती जागा. शरीर पुढे कलायला लागलं तर चाक पुढे न्यायचं, मागे कलायला लागलं तर चाक मागे न्यायचं. उडी मारायची ती याचसाठी. उंच जाण्याशी तिचा संबंध नाही, चाक शरीराखाली परत आणून ठेवणं एवढंच तिचं काम आहे.

आता ब्रेक घसरतोय असं समजा. तुम्ही चाक अचूक जागी आणून टेकवता, पण टेकताक्षणी ते पुढे घरंगळतं. पुढच्या पॅडलवर तुमचं वजन असतं आणि ते चेनमार्फत चाकाला सतत पुढे ढकलत असतं, म्हणून ते पुढेच जातं. म्हणजे तळहात आपोआप पुढे सरकला आणि काठी मागे पडली. मागे पडायची भीती एकदा मनात बसली की माणूस नकळत पुढे झुकतो, हात कोपरात दुमडतो, आणि मग पुढचं चाक धाडकन खाली येतं. पाहणाऱ्याला वाटतं की हा पुढे पडतोय. मूळ दुखणं मात्र त्याच्या उलट दिशेला असतं. मी भाच्याला दिलेला सल्ला चुकला तो इथेच.

ब्रेकची तपासणी

सायकलच्या बाजूला उभे राहा, मागचा ब्रेक एकाच बोटाने, तर्जनीने दाबा आणि सायकल जोराने पुढे ढकला. चाक फिरता कामा नये, टायर जमिनीवर फरफटला पाहिजे. मग तशीच मागे ओढा. दोन्ही दिशांना तपासणं महत्त्वाचं आहे, कारण पुढे जाताना घट्ट धरणारे कितीतरी ब्रेक मागे ओढल्यावर सुटतात. ढकलताना ‘टक’ असा आवाज आणि जरासा खेळ जाणवला, तर ब्रेकचे हात जिथे फ्रेमला बसवलेत ते बोल्ट किंवा मागच्या हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीचे, कोन-नट ढिले असू शकतात. ते आधी आवळून घ्या.

यात पास झालात तरी व्हिडिओची परीक्षा द्याच. मागच्या चाकाच्या एका तारेला (स्पोकला) लाल टेप गुंडाळा, मोबाईल चाकाच्या उंचीवर ठेवा आणि ब्रेक न सोडता मागच्या चाकावर तीन उड्या मारा. फ्रेमच्या तुलनेत टेप तसूभरही हलली नाही पाहिजे. उडीवरून खाली येतानाचा भार नुसत्या ढकलण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून उभ्या-उभ्या धरणारा ब्रेक उडीत सुटू शकतो.

रिमवर रबर दाबणारा व्ही-ब्रेक असेल तर रिम दोन्ही बाजूंनी स्पिरिटने पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. रबर काढून पाहा. त्यावर काचेसारखी चकाकी आली असेल तर पॉलिश पेपरवर घासून ती काढा आणि आत रुतलेले ॲल्युमिनियमचे कण टाचणीने उकरून टाका. रबर रिमवर सपाट आणि पूर्ण बसलं पाहिजे, टायरला लागता कामा नये आणि रिमच्या खालीही उतरता कामा नये. चाक आऊट असेल, म्हणजे फिरताना डगमगत असेल, तर सायकलवाल्या काकांकडून आधी त्याचा आऊट काढून घ्या. नाहीतर रबर रिमच्या जवळ आणताच येत नाही आणि लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबावा लागतो.

लिव्हरची जागा बहुतेक जण बघतच नाहीत. कारखान्यातून आलेल्या सायकलवर तो मुठीला चिकटून असतो, त्यामुळे तर्जनी त्याच्या मधोमध पडते. ॲलन कीने ढिला करून तो आतल्या बाजूला सरकवा, इतका की तर्जनी लिव्हरच्या टोकाच्या वळलेल्या भागावर यावी. तरफेचं टोक मिळालं की तेवढ्याच जोरात ब्रेक कितीतरी घट्ट बसतो. एका बोटाचा आग्रह का? उरलेली तीन बोटं हँडल धरायला हवी असतात. चार बोटांनी ब्रेक दाबणाऱ्याच्या हातात हँडल उरतच नाही, आणि दहा मिनिटांत मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतो.

आमच्या कोकणात आणखी एक दुखणं असतं, केबलला चढणारा गंज. चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारी हवा. वरून केबल चांगली दिसते, पण आवरणाच्या आत ती गंजून खरखरीत झालेली असते. लिव्हर सोडल्यावर तो आळसावून परत येत असेल तर तेल घालत बसू नका. आतली तार आणि बाहेरचं आवरण दोन्ही बदलून टाका, खर्च फार नसतो.

पावसाचं पाणी आणि रिम यांचा संबंधही समजून घ्यायला हवा. रस्त्याने जाताना ओल्या रिमवर रबर दोन-चार फेऱ्या घासलं की पाणी पुसलं जातं आणि ब्रेक धरतो. ट्रायल्समध्ये चाक फिरतंच कुठे? रबराखाली रिमची जी बोटभर जागा आली, ती ओली असली तर ओलीच राहते. त्यामुळे पावसाळ्यात छपराखाली सराव करा आणि प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी ब्रेक हलका दाबून सायकल वीसेक पावलं हाताने चालवा.

अनुभवी ट्रायल्सवाले रिमची बाजू ग्राइंडरने मुद्दाम खरवडतात, म्हणजे रबर तिला दातांसारखं धरून ठेवतं. पूर्वी काही जण गुळगुळीत रिमवर डांबराचा बारीक हात देत. कोरड्यात ते कर्कश आवाज करून घट्ट धरायचं, ओल्यात उपयोग शून्य. नवशिक्याने यातलं काही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ट्रायल्सच्या रिमा या कामासाठीच बनवलेल्या असतात. साध्या एमटीबीची वापरून झिजलेली रिम ग्राइंडरखाली धरली तर तिची भिंत पातळ होऊन भाराखाली फुटू शकते. जाड पॉलिश पेपर गोलाकार फिरवला तरी सुरुवातीच्या कामापुरती पकड मिळते.

डिस्क ब्रेक असेल तर पावसाची काळजी बरीच मिटते. पण पॅडला तेल लागलं असेल तर ते बदलणंच बरं, कारण तेल आतपर्यंत मुरतं आणि घासून फारसं निघत नाही. डिस्क स्पिरिटने पुसा. नवे पॅड टाकल्यावर मोकळ्या जागी थोडा वेग घेऊन दहा-वीस वेळा जोराने ब्रेक लावत थांबा, मगच त्यांची पकड बसते.

गिअर आणि चेन

ब्रेक पक्का आहे आणि तरी पुढचं चाक उचललं की लगेच खाली येतं, असं असेल तर गिअर पाहा. बहुतेक जण नेहमीच्या, म्हणजे जड गिअरवरच शिकायला सुरुवात करतात. त्यात पॅडलचा छोटा झटका चाकापर्यंत पोचतच नाही.

खास ट्रायल्ससाठी बनवलेल्या सायकलींचे आकडे इथे उपयोगी पडतात. २६ इंची सायकलवर पुढे १८ आणि मागे १५ दाते, किंवा पुढे २२ आणि मागे १८ असा गिअर नेहमी दिसतो. २० इंची सायकलवर पुढे १८, मागे १२. आकडे वेगळे दिसले तरी हिशेब मांडला की पॅडलच्या एका पूर्ण फेरीत दोन्ही सायकली साधारण अडीच मीटर पुढे जातात. हेच माप आपल्या सायकलवर आणा. जमिनीवर खडूची रेघ मारा, पॅडलची एक फेरी पूर्ण करा, दुसरी रेघ मारा आणि टेपने मोजा. पुढे ३२ दात्यांचं एकच चेनव्हील असेल तर मागे २६ ते २८ दात्यांच्या आसपास हे अंतर सापडेल. २९ इंची चाकांना त्याहून हलका गिअर लागतो. चार मीटरच्या पुढे आकडा येत असेल तर तुम्ही उगाचच स्वतःशी कुस्ती खेळताय.

चेनकडे मात्र सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहा. पॅडलवर पूर्ण वजन टाकून झटका देताना चेन दात्यावरून उडाली, तर पाय मोकळा खाली जातो आणि गुडघा हँडलवर किंवा नडगी पॅडलवर आदळते. हा मार जबर असतो. नव्या चेनमध्ये पिनेपासून पिनेपर्यंत बारा पूर्ण कड्या (आतली आणि बाहेरची मिळून एक कडी) बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरतात. पट्टी लावल्यावर बाराव्या कडीच्या शेवटची पिन १२ इंचांच्या रेघेपुढे इंचाच्या सोळाव्या भागाइतकी गेलेली दिसली, तर चेन बदला. गिअर दोन चकत्यांच्या मध्ये कुरकुरत असेल तर तो नीट बसेपर्यंत सरावच करू नका.

पॅडल थांबवलं तरी चाक पुढे फिरू देणाऱ्या फ्रीव्हीलचा मोकळा खेळ हाही शत्रूच. साध्या फ्रीव्हीलला एका फेरीत अठराच्या आसपास पकडी असतील, तर चाक धरण्याआधी ते वीस अंशांपर्यंत नुसतं सरकू शकतं. ट्रायल्सच्या चांगल्या फ्रीव्हीलला ७२ किंवा १०८ पकडी असतात, म्हणजे हा खेळ पाच किंवा साडेतीन अंशांच्या आत येतो. त्यांच्यात फ्रीव्हील मागच्या चाकाऐवजी पुढे क्रँकवर, म्हणजे पॅडलच्या दांड्यापाशी, बसवलेलं असतं, हेही वेगळेपण. साध्या सायकलवर यावरचा उपाय फुकटचा आहे. ब्रेक दाबलेला असतानाच पुढच्या पॅडलवर भार ठेवायचा. खेळ आधीच संपलेला असतो, आणि ब्रेक सोडताक्षणी झटका थेट चाकाला मिळतो. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

नवी ट्रायल्सची सायकल घ्यावी का, असं सगळेच विचारतात. पहिले चार-सहा महिने तरी नको. मागे सस्पेन्शन नसलेली, तुमच्या उंचीला जरा लहान वाटणारी जुनी एमटीबी पुरते. हा खेळ मुळात मोटरसायकल ट्रायल्समधून आला. स्पेनमधल्या कातालोनियात माँतेसा या मोटरसायकल कंपनीच्या पेरे पी यांनी आपला मुलगा ओट पी याला लहानपणीच मोटरसायकलसारखे अडथळे ओलांडता यावेत म्हणून छोटी सायकल तयार करून घेतली, आणि हाच मुलगा पुढे जगज्जेता झाला. आज स्पर्धेतल्या ट्रायल्स सायकलला सीटच नसते, ती या खेळाच्या गरजेतून गेली. तुमच्या एमटीबीची सीट पूर्ण खाली करा. काढायचीच असेल तर खालच्या दांड्यासकट काढा आणि नळीचं तोंड टोपण लावून बंद करा. सीटशिवाय उघडा दांडा ठेवून कधीही सराव करू नका. पुढचं सस्पेन्शन लॉक होत असेल तर लॉक करा, नाहीतर तुम्ही खाली दाबलेला जोर ते गिळून टाकतं.

आता शरीर, आणि पडण्याची दिशा

ब्रेक, गिअर, चेन हे सगळं झालं की मगच तोलाकडे वळा, आणि तेव्हा ‘मी पडतो’ एवढ्यावर थांबू नका. कुठल्या बाजूला पडता ते दहा वेळा मोजा आणि लिहून ठेवा. मी पार्किंगच्या खांबावर खडूने चार रकाने आखलेत: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे.

पुढे पडत असाल तर आधी हात पाहा. मागच्या चाकावर असताना कोपरं जवळजवळ सरळ हवीत. हँडल साधारण कमरेच्या उंचीला, कंबर मागच्या चाकाच्या वर, पाठ ताठ, गुडघे किंचित वाकलेले. हात दुमडून हँडल छातीकडे ओढणारा माणूस स्वतःला पुढे खेचत असतो, सायकल वर येत नाही. उडी पायांनी मारायची असते. गुडघे वाकवून जरा खाली बसायचं, मग पूर्ण उभं राहायचं, आणि सायकल आपसूक मागोमाग येते. दुसरं, पुढे कलायला लागल्यावर ब्रेक घट्ट धरून बसणं ही चूक आहे. अर्धा क्षण ब्रेक सोडून पुढच्या पॅडलला छोटा झटका द्या आणि लगेच ब्रेक दाबा. चाक पुढे सरकतं, पुढचं टोक पुन्हा वर येतं. काठी आणि तळहात आठवा.

मागे पडत असाल, आणि ब्रेक घसरत नाही याची खात्री झालेली असेल, तर चाक मागे न्यायला तुम्ही उशीर करताय. मागे कलल्याची जाणीव होताच छोटी उडी मागे घ्या. इथे भीती आड येते आणि ती साहजिक आहे. त्यावर मला एकच उपाय माहीत आहे, मागे उतरायला मुद्दाम शिकणं. पुढचं चाक उचला, ब्रेक धरा, आणि जाणूनबुजून तोल मागे सोडून दोन्ही पायांवर सायकलच्या मागे उभे राहा. हँडल हातात, सायकल तुमच्यासमोर उभी. असं दहा वेळा करा, सरावाच्या प्रत्येक दिवशी अगदी सुरुवातीला. शरीराला एकदा कळलं की मागे पडणं म्हणजे नुसतं उतरणं आहे, की ते तुम्हाला मागे रेलू देतं. भाच्याला मी हे दुसऱ्या महिन्यात शिकवलं. पहिल्याच दिवशी शिकवायला हवं होतं.

बाजूला पडणाऱ्यांनी सायकलवर संशय घेण्याआधी फरशी पाहावी. पार्किंगची फरशी सपाट दिसते, पण पाणी वाहून जावं म्हणून तिला उतार दिलेला असतो. बाटलीभर पाणी ओता, ते कुठे जातं ते बघा. मग उलट दिशेला तोंड करून सराव करा. पडण्याची बाजू बदलली तर उताराचा दोष. तीच राहिली तर दोष तुमच्या शरीरात: ब्रेकच्या बाजूचा खांदा खाली झुकत असेल किंवा नजर पुढच्या चाकावर खिळलेली असेल. नजर चार-पाच मीटर पुढच्या एखाद्या स्थिर वस्तूवर ठेवा. बारीकसा कल सावरायला विरुद्ध बाजूचा गुडघा बाहेर काढता येतो, हँडल थोडं वळवता येतं.

टायरची हवाही बाजूच्या तोलावर परिणाम करते. पेट्रोलपंपावर भरलेली टणक हवा नको. टायर चेंडूसारखा उसळतो आणि टेकण्याची जागा रुपयाएवढी होते. साठ-सत्तर किलोच्या माणसाला २६ इंची, रुंद मागच्या टायरमध्ये बावीस ते पंचवीस पीएसआय मला ठीक वाटते. त्याहून फार कमी केली तर टायर बाजूला लोळतो, आणि कडेवर आपटल्यावर ट्यूब रिम आणि कडेच्या मध्ये चिमटून तिला साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. मापक असलेला पायपंप घरी असू द्या.

कुठला पाय पुढे, हेही ठरवून टाका. उतारावर पॅडल न मारता उभ्याने सायकल सोडून द्या, जो पाय आपोआप पुढे येईल तो तुमचा चांगला पाय. उडी मारताना पॅडल जमिनीला समांतर आणि तो पाय पुढे. शिकताना अदलाबदल करू नका.

सराव कशावर करायचा? मला जांभ्याच्या चिऱ्यापेक्षा चांगली वस्तू मिळाली नाही. घराचं बांधकाम झालं की दोन-चार चिरे उरतातच. जांभा खरखरीत असतो, टायर घसरत नाही, कडा मऊ असल्याने रिमला मारही कमी बसतो. फक्त शेवाळ धरलेला चिरा घेऊ नका. दोन चिरे एकावर एक, भिंतीला टेकवून ठेवा. पुढचं चाक त्यांच्यावर चढवा, मागचा ब्रेक धरा. आता खाली बसून उभे राहत पुढचं चाक चिऱ्यावरून सोडवून घ्या, मागच्या चाकावर एकच उडी मारा आणि पुढचं चाक परत चिऱ्यावर ठेवा. एक उडी दहा वेळा सलग नीट झाली की दोन. मग तीन. पुढे टेकायला जागा आहे हे माहीत असल्याने शरीर घाबरत नाही, आणि पुढचं चाक जमिनीवरून उचलताना लागणारी सगळी धडपड वाचते, त्यामुळे लक्ष फक्त उडीवर राहतं. तीन उड्या जमल्या की चिरे बाजूला करून सपाटीवर या.

एका वेळी वीस मिनिटं पुरेत. हात भरून आल्यावर कोपरं दुमडू लागतात आणि तीच चूक अंगवळणी पडते. डोक्याला हेल्मेट, नडगीला गार्ड, पायात सपाट तळव्याचे बूट. चपला घालून नाही, अगदी पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. पॅडलच्या दात्यांनी नडगी सोलली गेली की पंधरा दिवस जातात.

आणखी एक, एका दिवशी एकच गोष्ट बदला. हवाही कमी केली, गिअरही बदलला, पायही बदलला, तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी ती निसटते. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरून आलेल्या डॅनी मॅकअ‍ॅस्किलचा २००९ साली एडिनबरा शहरात चित्रित झालेला व्हिडिओ पाहून आपल्यातले बरेच जण या खेळाकडे वळले. त्यात अणकुचीदार कुंपणाच्या वरून सायकल चालवण्याचा प्रसंग आहे, आणि त्याआधीचे फसलेले प्रयत्नही त्याने ठेवले आहेत. ते पुन्हा पाहा. जागा तीच, कुंपण तेच, आणि तो पुन्हा पुन्हा तेवढंच करून पाहतोय.

भाच्याचा खांबावरचा आकडा काल चौदा होता. पंधराव्या उडीला तो डावीकडे पडला. डावीकडचा रकाना या आठवड्यात पाच वेळा भरलाय आणि पार्किंगचा उतारही डावीकडेच आहे, म्हणून आज संध्याकाळी उलट तोंड करून मोजायचं ठरलंय. पाऊस थांबलेला नाही, तेव्हा आधी रिम पुसून घेऊ.